वामनरावांनी माफी मागितली नव्हती

त्या दिवशी वाचनालयाच्या दालनात टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होतात का?

असाल तर हे तुम्ही आधी वाचा. नसाल तरी वाचा — कारण ज्या गोष्टीसाठी त्या टाळ्या पडल्या, ती गोष्ट घडलीच नव्हती. हे मी परवापर्यंत कोणालाही सांगितलेले नव्हते. आईला नाही. ज्या मित्रांबरोबर तुरुंगात एका ताटलीत जेवलो, त्यांनाही नाही. सांगायला तोंड उघडले आणि दुसरेच काही बोलून मिटले, असे मात्र अनेकदा झाले.

मी पत्रकांवर वाढलो. वडील छापखान्यात मुद्रिते तपासत. कोपरे फाटलेली, शाई फिसकटलेली पत्रके घरी येत आणि मी ती मोठ्याने वाचे. एखादे वाक्य जोरात म्हटले की ते खरेच असते, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. आता तुम्ही म्हणाल, हा बापाच्या धंद्यावर दोष ढकलतो आहे. नाही. वडील फक्त चुका दुरुस्त करत. जोर माझा होता.

आमची कंपनी तुम्हाला ठाऊक असेल — पंचवटीपलीकडची स्वदेशी साबणाची. पत्र्याची शेड, कढया, लाकडी साचे, आणि सगळ्या गल्लीला येणारा कॉस्टिक सोड्याचा वास. ती उभी केली वामनरावांनी; व्यवस्थापकही तेच. शाळेतली कायमची नोकरी सोडून ते दारोदार फिरले. तांबट, कारकून, विणकर, एक सुईण — ज्यांनी आयुष्यात कधी कशात भाग घेतला नव्हता त्यांनी या कंपनीचा एकेक भाग घेतला. अध्यक्ष होते तेलाचे व्यापारी अब्दुलभाई. आणि चिटणीस मी, कारण मला इंग्रजी लिहिता येत होते आणि माझे नाव पत्रकांवर झळकत होते.

कंपनी ‘लिमिटेड’ होती. म्हणजे दरवर्षी सभासदांची सभा झाली की ठरलेल्या मुदतीत भागधारकांची यादी आणि तपासलेला ताळेबंद मुंबईच्या रजिस्ट्रारकडे धाडायचा. आम्ही तरुण मंडळी यावर हसायचो. स्वदेशी साबण, आणि वर्षाकाठी साहेबाला हजेरी! वामनराव हसत नसत. “साहेबाला कुठे दाखवतोय? सुईणबाईंनी विश्वासाने भाग घेतलाय. तो जागेवर आहे की नाही, हे वर्षातून एकदा कुठेतरी उघडं करून ठेवायला नको?”

त्या वर्षी सभा झाली आणि वामनराव विषमज्वराने आडवे झाले. त्यांच्या पत्नी राधाकाकू त्यांच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवत होत्या. वामनरावांनी मला बोलावून सगळे तयार कागद हातात दिले. अब्दुलभाई शेंगदाण्याच्या खरेदीसाठी पिंपळगाव बसवंतला मुक्कामाला होते. त्यांची सही आणायची आणि टपालात टाकायचे. “एवढं एकच कर,” ते म्हणाले. “बाकी कारखाना चार दिवस बंद राहिला तरी चालेल.”

एवढे एकच. पिंपळगावची मोटर रोज सुटत होती.

मी का गेलो नाही? आजारी होतो का? अटक झाली होती का? पोलीस मागावर होते का? — नाही, नाही आणि नाही. माझे एक पत्रक छापखान्यात होते. त्याचा मथळा मनासारखा बसत नव्हता. सकाळी मी मथळा बदलायला जाई, दुपारी तो मित्रांना वाचून दाखवी, संध्याकाळी घाटावरच्या सभेत बोले. कागद माझ्या खोलीत कोनाड्यात होते. ते दिसत. उद्या जाऊ, असे मी मनाशी म्हणे आणि तेवढ्यानेच काम झाल्यासारखे वाटे. मुदत टळली त्या दिवशी मला आठवणसुद्धा झाली नाही. हेच ते. मी विसरलो. आळसाने टाळले आणि मग विसरलो.

मुंबईहून स्मरणपत्र आले, तेव्हा मला कागद आठवले. उशिरा का होईना, धाडायचे होते. पण धाडले की उशीर कोणामुळे झाला, हे वामनरावांना कळणार. म्हणून मी गप्प राहिलो. माणूस एका लहान लाजेपायी केवढे मोठे काही जाळू शकतो! पुढची नोटीस थेट अब्दुलभाईंच्या पेढीवर गेली. कंपनीवर आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर खटला भरला जाईल. उत्तर आले नाही तर कंपनी बंद पडली असे समजून तिचे नाव नोंदीतून काढले जाईल.

अब्दुलभाईंनी वाचनालयात खास सभा बोलावली. वामनराव आले होते. ज्वर उतरला होता, पण शाल पांघरून भिंतीला टेकले होते. अब्दुलभाईंनी नोटीस वर धरली आणि माझ्याकडे पाहिले.

“बोला चिटणीस. कागद कुठं गेले? पिंपळगावात मी रोज मोटारीची वाट बघत होतो. मोटार यायची, तुम्ही नाय.”

लोक हसले. ते हसू मला झोंबले. — आणि मी उभा राहिलो.

मी म्हणालो, कागद मी धाडले नाहीत. धाडणारही नव्हतो. ज्या सरकारचे कायदे आमचे भाऊ मोडताहेत, त्या सरकारच्या टेबलावर मी माझ्या हाताने आमच्या सभासदांची नावे नेऊन ठेवू? ही यादी म्हणजे भागधारकांची यादी नव्हे, उद्याच्या झडतीची यादी आहे!

तुम्हाला ते दिवस आठवतात ना? कायदा मोडणे हीच प्रतिष्ठा होती. माझ्या कोनाड्यात पडून राहिलेले कागद त्या एका क्षणात सत्याग्रह झाले. मागून एक तांबट ओरडला, “बराबर हाय! आपली नावं साहेबाला कशाला?” आणि टाळ्या. केवढ्या टाळ्या! मलाही वाटले, आपण हे पहिल्यापासून असेच ठरवले होते. खोटे बोलणाऱ्याला टाळ्या मिळाल्या की त्याचा स्वतःवर विश्वास बसतो — त्या दिवशी माझा बसला.

वामनराव उठले. आवाज खोल गेला होता. “मीठ उचलणारा स्वतः तुरुंगात जातो,” ते म्हणाले. “हा कायदा मोडून आपण सुईणबाईंना कुठे पाठवतोय? कंपनीच गेली तर त्यांचा भाग कुठे राहिला?” पुढचे कोणी ऐकू दिले नाही. “सरकारचा जावई!” कोणीतरी म्हणाले. “खाली बसा मास्तर, शाळा सुटली!”

मी अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला शेडमध्ये भेटले. थंड पडलेल्या कढईच्या काठावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारले, “तत्त्व होतं का रे? की राहून गेलं? राहून गेलं असेल तर सांग. माणसाकडून राहतं. त्यावर इलाज आहे.”

याहून सोपे करून कोणी विचारेल का? दार उघडे होते. मी म्हणालो, “तत्त्व होतं.”

त्यांनी कढईवरचा हात काढला. “बरं,” म्हणाले. “मग मी पुन्हा विचारणार नाही.”

माझ्याकडून कागद घेऊन, खरेदीवर परतलेल्या अब्दुलभाईंच्या मागे ते स्वतः पिंपळगावला गेले, सही आणली, कागद धाडले. खटला उभा राहिला तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे तेच हजर झाले. जाणूनबुजून धाडले नाही असे निघाले असते तर चिटणीस म्हणून मी अडकलो असतो, आणि कंपनीलाही ते जड गेले असते. वामनराव म्हणाले, “माझ्या आजारपणात माझ्याकडून राहिले. पुढे असे होणार नाही.” थोडक्या दंडावर सुटका झाली. कंपनी वाचली.

मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. शब्दन् शब्द ऐकला. आणि त्या आठवड्यात मी पत्रक काढले, ‘माफीचा साबण’. त्यात लिहिले की तत्त्वासाठी उभ्या राहिलेल्या कंपनीच्या वतीने एका माणसाने परक्या न्यायासनापुढे माफी मागितली. तेव्हा तुरुंगातून माफी लिहून देऊन सुटणाऱ्याला लोक पाण्यालाही विचारत नसत. तो शब्द मी नेमका निवडला होता. मथळा या वेळी पहिल्या झटक्यात बसला.

का केले? ते बोलले तर मी उघडा पडेन, ही भीती होती. त्यांच्या बोलण्याला आधीच किंमत उरू नये, असा बंदोबस्त मी केला. ते बोलणार नव्हतेच, हे मला माहीत होते. तरीही केले.

त्यांना काढण्यात आले. घर उठवून ते सिन्नरला गेले. तिथे आडतीवर लिहिण्याचे काम करतात. त्यांची जागा मला मिळाली. आणि आता ऐका — त्या वर्षापासून दर साली सभा झाली की कागद घेऊन मी जातीने टपालकचेरीत जातो. मुदतीच्या पुष्कळ आधी. सभासदांना मी सांगितले, मास्तरांनी एकदा मान वाकवलीच आहे, आता धाडण्यावाचून इलाज नाही. त्यांनाही ते पटले. मला कोणी माफीवाला म्हणत नाही.

एकदा सिन्नरच्या मोटरतळावर ते समोरून येताना दिसले. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

हे आता का लिहितो आहे? गेल्या महिन्यात खादीधारी एक वकील माझ्याकडे आले. वामनरावांच्या मुलीचे, कमलचे, स्थळ त्यांच्या मुलासाठी चालले होते. “मुलगी गुणाची आहे हो,” ते म्हणाले, “पण माफीवाल्याशी सोयरीक म्हणजे चार लोकांत... तुम्हीच तर लिहिलं होतंत. ते खरं ना?”

पुन्हा दार उघडे. मी म्हणालो, “तुम्ही विचार करून पाहा.”

त्यांनी विचार केला. नकार कळवला. ज्या मुलीला मी परकरात शेडमध्ये साबणाच्या वड्या रचताना पाहिले होते, तिच्यापर्यंत माझा तो शब्द येऊन पोहोचला. वकिलांकडे मी परवा गेलो आणि सगळे सांगितले. त्यांच्या मुलाचे दुसरीकडे ठरले आहे. कमलला आणखी एक स्थळ येते आहे असे कळते. तिथे कोण, कोणाला, काय सांगत असेल, हे मला शोधता येणार नाही.

येत्या सभेत मी हेच वाचून जागा सोडणार आहे. सभासदांनी माझे काय करायचे ते करावे. क्षमेचा विषय इथे नाही. वामनरावांनी मला क्षमा करावी असा निरोप कोणी नेऊ नये. एवढा बोजा त्यांच्यावर पुन्हा नको.

तुमच्याकडून एकच हवे. वामनरावांबद्दल तो ‘माफीवाला’ शब्द तुम्ही कधी कोणापाशी उच्चारला असेल — मोटरीत, पानाच्या दुकानात, सोयरिकीच्या बैठकीत — तर त्या माणसाकडे जा आणि तो खोटा होता असे सांगा. मी छापला तो मी या कागदाने परत घेतला. तुमच्या तोंडून गेलेला तुम्हालाच परत घ्यावा लागेल. कमलच्या बैठकीआधी जा.