गनीभाई, काजळीचा फिल्टर आणि माझा एक नियम

गनीभाईंना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांच्याकडून एक दाखला मिळवण्यासाठी. आमच्या चालकाने गाडीत खराब डिझेल भरले आणि त्यामुळे गाडी बिघडली, असे त्यांनी लिहून द्यावे, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ते लिहून दिले नाही. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला पत्र पाठवले, त्यात ‘काही हृद्य आठवणी’ असे शब्द होते. माझ्याकडे असलेली मुख्य आठवण ही दाखल्याची आहे. ती हृद्य म्हणावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी रोज डायरी लिहिते. पुढचा मजकूर त्या वेळच्या नोंदी पुन्हा वाचूनच लिहिला आहे.

नवापूरमधल्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याचे काम मी पाहते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधांच्या पेट्या घेऊन आमची गाडी आठवड्यातले पाच दिवस गुजरात सरहद्दीजवळच्या डोंगरपाड्यांवर जाते. गाडी चालवतात दाविद वळवी. ते वयाने माझ्याहून मोठे, म्हणून आम्ही सारे त्यांना दाविददा म्हणतो. गाडी तिसऱ्या वर्षात असताना डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागू लागला. मग चढावर गाडीची ताकद जाई आणि ती कशीबशी ओढत आणावी लागे. मोठ्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन आली की वीसेक दिवस बरे जात, पुन्हा तोच दिवा. तिसऱ्यांदा असे झाले त्या दिवशी दोन पाड्यांवरची माणसे दुपारपर्यंत वाट पाहून घरी गेली.

कार्यालयात कोणीतरी म्हणाले, चालक कॅनमधले डिझेल भरत असेल आणि पंपावरचे विकत असेल. हे कोण म्हणाले, त्याची नोंद माझ्या डायरीत नाही. ते मी लगेच मान्य केले, याची मात्र आहे. दाविददांना कामावरून कमी करावे, असे पत्र मी अध्यक्षांना दिले. शनिवारी बैठक होती. गुरुवारी मी गाडी घेऊन गनीभाईंकडे गेले. गाडी अर्थात दाविददाच चालवत होते. आपण कशासाठी चाललो आहोत हे त्यांना माहीत होते.

महामार्गाला लागून असलेले गनीभाई पिंजारी यांचे गॅरेज आपणा सर्वांना परिचित आहे. ते मूळचे नंदुरबारचे, त्यामुळे इतकी वर्षे नवापुरात राहूनही त्यांची अहिराणी सुटलेली नाही. मी त्यांना माझे म्हणणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि बॉनेट उघडून इंजिन ऑईलची पट्टी बाहेर काढली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर गेले होते. त्यांनी पट्टीचा वास घेतला आणि ती माझ्यापुढे धरली.

“ताई, वास ल्या.”

“डिझेलचा येतोय,” मी म्हणाले. मला वाटले, पुरावा सापडला.

“डिझेलनाच शे. पन ते कोनी भरं नही. गाडीनीच भरं.” मग त्यांनी विचारले, “काल गाडी कथा कथा उभी ऱ्हायनी? कितला टाइम?”

गाडी कुठे कुठे आणि किती वेळ थांबली, या प्रश्नाने मला बरेच वाटले, कारण गाडीची नोंदवही मी फार काटेकोर ठेवते. प्रत्येक पाड्यावर गाडी किती वाजता थांबली, इंजिन किती वाजता बंद केले, पुन्हा कधी सुरू केले, हे सारे त्यात असते. वहीच्या पहिल्या पानावर मी एक नियम टाइप करून चिकटवला होता: गाडी थांबताच एका मिनिटात इंजिन बंद करावे, आणि ताशी चाळीसच्या वर जाऊ नये. गाडीच्या मागे रुग्णांची रांग लागते, त्यात लहान मुले असतात. त्यांच्या नाकात धूर जाऊ नये, हा माझा हेतू. खाली माझी सही होती.

गनीभाईंनी बाकावर बसून चष्मा लावला आणि वही शांतपणे वाचली. मग आत जाऊन एक कापलेला जुना फिल्टर आणून माझ्यासमोर ठेवला. पुढचे त्यांनी मला जसे समजावले, तसे मी सांगते. या ग्रंथाच्या वाचकांत गाडीमालक आणि चालक पुष्कळ असतील, त्यांना त्याचा उपयोग होईल.

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत हा फिल्टर बसवलेला असतो. आपल्याकडे त्याला डीपीएफ म्हणतात. आत मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. एका नळीचे तोंड उघडे तर शेवट बंद, शेजारचीचे उलट. त्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावे लागते. वायू जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. ती साठत जाते, म्हणून ती जाळावी लागते. गाडी महामार्गावर सलग चालली की धूर पुरेसा तापतो आणि काजळी आपोआप जळते. तसे झाले नाही तर गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवते. या जळण्याला चालत्या गाडीत साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. ते मध्येच तोडले तर काजळी तशीच राहते आणि सोडलेल्या डिझेलपैकी काही झिरपून इंजिन ऑईलमध्ये उतरते. ऑईल वाढते ते त्यामुळे. वाढलेले ऑईल पातळ झालेले असते आणि ते इंजिन झिजवते.

“तुमना पाडा दहा-दहा मिनिटवर शेतस,” गनीभाई म्हणाले. “गाडी काजळी जाळाले सुरुवात करस, तितलामा पाडा येस, इंजिन बंद. परत सुरू, परत बंद. रोज सहा डाव.”

“म्हणजे दाविददांनी बंद करायला नको होते,” मी म्हणाले.

गनीभाईंनी वहीचे पहिले पान उघडून वही माझ्याकडे फिरवली आणि ते चहा सांगायला उठून गेले.

दाविददा दारात उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, कधी कधी पंखा जोरात चालायचा, गरम वास यायचा. मला वाटायचं, आता बंद करू नये. तुम्हाला एकदा बोललो होतो.”

मला ते आठवत नव्हते. घरी जाऊन डायरी चाळली, तर सापडले. मी लिहिले होते: ‘दाविददा इंजिन चालू ठेवण्यासाठी सबबी सांगतात. नियम पुन्हा समजावला.’

त्या गुरुवारी गनीभाईंनी गाडी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत घेतली. खाली वाळके गवत नाही, हे त्यांनी स्वतः वाकून पाहिले, कारण जळण्याच्या वेळी सायलेन्सरकडची बाजू इतकी तापते की गवत पेटू शकते. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला दोन रबरी नळ्या असतात, त्या फाटलेल्या नाहीत याची खात्री केली. मग स्कॅनर लावून काजळी जाळून घेतली, ऑईल बदलले आणि आम्हाला म्हणाले, “चला, आज दवाखानालेच हवा बदलाले लई जाऊत.” दाविददा चालवायला, मी शेजारी, गनीभाई मागे रुग्णांच्या बाकावर. आम्ही सुरतेच्या बाजूला महामार्गाने गेलो. दाविददांचा काटा चाळिसावर अडकून बसला होता.

“दाविद, बैलगाडीबी मांगून हॉर्न दी ऱ्हायनी,” मागून आवाज आला.

“चाचा, नियम आहे.”

“नियमवाली तुन्हा शेजारे बठेल शे. इचार तिले.”

मी म्हणाले, “चालवा दाविददा.” काटा साठवर गेला आणि तिथे स्थिर राहिला.

खरी अडचण नंतर आली. शनिवारच्या बैठकीसाठी मला गनीभाईंचा कागद हवा होता. काजळी जळण्यापूर्वी इंजिन वारंवार बंद केल्यामुळे फिल्टर तुंबला, असे त्यांनी लिहावे, असे मी सुचवले. ते खरेच होते. त्यांनी लिहायला घेतले आणि ‘वारंवार’च्या आधी ‘लेखी नियमाप्रमाणे’ हे शब्द घातले. ते वगळता येतील का, असे मी विचारले. तांत्रिक कागदात त्यांची गरज नाही, असे कारण दिले. हे लिहिताना आजही मला अवघड वाटते, पण मी तसे विचारले होते.

गनीभाईंनी लेखणी खाली ठेवली. “ताई, इंजिन बंद करं, इतलंच लिखं तर लोक इचारतीन, कोनी बंद करं? दाविदनी. मंग दाविद जाई. तो निर्दोष शे हाई माले दखास, तुमलेबी दखास. कागदले काबरं नही दखानं?”

तो कागद त्या दोन शब्दांसह मी बैठकीत वाचला. माझे पत्र मागे घेतले आणि नियम बदलला. दाविददा कामावर राहिले. आता गाडी आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास धावते, आणि पंखा जोरात चालू असेल तर चालक पाड्यावर न थांबता पुढे एक फेरी मारून येतो. नुसते उभे राहून इंजिन चालू ठेवणे हा उपाय नव्हे, हेही गनीभाईंनी सांगितले. ऑईल कमी राख करणारे, त्या गाडीसाठी सांगितलेलेच वापरावे लागते, कारण काजळी जळते पण राख जळत नाही. ती वर्षानुवर्षे साठते आणि शेवटी फिल्टर उतरवून ती काढून घ्यावी लागते. त्यात सळई घालू नये, जोराचे पाणी मारू नये. हे सारे गनीभाई गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक चालकाला न कंटाळता सांगतात.

फिल्टर कापून जागी साधा पाईप जोडून देण्याचे काम ते करत नाहीत, हेही अनेकांना माहीत आहे. एकदा मी तिथे असताना कोंबड्यांच्या फार्मचे एक मालक पिकअप घेऊन आले होते.

“भाई, सगळे काढून टाकतात. तुम्हीच एकटे हाजी झालात,” ते म्हणाले.

“काढी देस ना सेठ,” गनीभाई म्हणाले. “पन आदुगर पांढरा रुमाल धुराडाले धरा. आते पांढराच निघी. काढावर परत धरा, आनि तोच रुमाल मंग तोंडवर बांधीसन घर जा.”

मालक हसले, पण गाडी दुसरीकडे घेऊन गेले. गनीभाईंनी त्यांना थांबवले नाही. नंतर चहा पिताना ते स्वतःहून बोलले. त्यांचे वडील गाद्या पिंजत. घरात कापसाची धूळ असे आणि वडिलांची अखेरची वर्षे खोकण्यातच गेली. “अब्बांना फिल्टर कोनी लायेल नव्हता,” इतकेच म्हणून ते उठले. या विषयावर ते त्यापुढे कधी बोललेले मला आठवत नाही.

गनीभाई माझ्यावर रागावले नाहीत. त्या कागदाचा उल्लेखही त्यांनी पुन्हा केला नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी मात्र त्यांचा फोन येतो. “ताई, गाडी हायवेले गई का?” हो म्हटले की लगेच फोन ठेवतात.

या लेखासाठी मी त्यांना भेटले, तेव्हा काय लिहू, असे विचारले. ते गाडीखाली होते. तिथूनच म्हणाले, “मन्हं काय लिखशात? दाविदनं लिखा. बैठक व्हयनी, पन गावले कोनी सांगं?”

ते बरोबर आहे. बैठकीत आम्ही पाच जण होतो. त्याआधी पसरलेली गोष्ट गावभर गेली होती, आणि ती मागे घ्यायला मी कोणाच्या दारी गेले नाही. दाविददांच्या चर्चमध्येही ती पोचली होती, हे मला फार उशिरा कळले. म्हणून या ग्रंथाच्या वाचकांपुढे नोंदवते: दाविद वळवी यांनी डिझेलमध्ये कधीही गैर केले नाही. गाडी माझ्या नियमामुळे बिघडली, आणि संशय माझा होता. गनीभाईंच्या गौरवग्रंथात हे लिहिणे औचित्याला धरून आहे का, याचा मी विचार केला. त्यांनी ज्यासाठी लेखणी खाली ठेवली होती ते अर्धेच झालेले असताना त्यांचा गौरव करणे मला जमले नसते.

छापायला देण्याआधी लेख दाविददांना वाचून दाखवला. ‘त्या दिवशी दाविददा जराही रागावले नाहीत,’ असे एक वाक्य मी मसुद्यात लिहिले होते. ते म्हणाले, “मॅडम, एवढं खोडा. मी रागावलो होतो. पुष्कळ दिवस रागावलो होतो.” मी ते वाक्य खोडले. मग ते म्हणाले, “आता बरोबर आहे. द्या छापायला.”

गनीभाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे गाडीखाली शिरण्याइतके मजबूत राहोत, छाती स्वच्छ राहो आणि दृष्टी वह्यांची पहिली पाने वाचण्याइतकी तीक्ष्ण राहो. त्यांना पुष्कळ आयुष्य मिळावे, ही इच्छा माझी आहे आणि दाविददांचीही. दाविददांचे नाव त्यांना विचारूनच येथे लिहिले आहे.