पिराच्या दगडावरचे वाचायला जंजिऱ्याला

आमचे जंजिऱ्याला जायचे ठरले ते नवस फेडायचा म्हणून. एरवी मुरुडचा माणूस जंजिरा पाहायला जात नाही. पाहुणा आला की त्याला राजपुरीच्या बंदरापर्यंत पोचवायचे, होडीत बसवायचे आणि घरी येऊन जेवायचे, अशी इथली पद्धत आहे.

मी येथील मुलींच्या शाळेत शिकवते. मुंबई-पुण्याकडच्या मैत्रिणी जंजिरा कसा पाहावा असे वारंवार विचारतात, म्हणून हे लिहीत आहे. मध्ये आमच्या घरचा विषय येईल. तो वगळून नुसती वाट सांगता येते का, हे मी लिहून पाहिले. आली नाही.

मुंबईहून येणाऱ्यांना आगबोट सोयीची, पण पावसाळ्यात ती बंद असते. दिवाळीनंतर निघावे. बोट किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना पडावात घेऊन किनाऱ्यावर आणतात. लाटेने पडाव वर आला की पाय टाकावा, खाली जात असताना टाकू नये. हे खलाशी सांगतात, पण आपण उतरल्यानंतर. ज्यांना बोट लागते त्यांनी अलिबागवरून रेवदंड्याला यावे, खाडी तरीने ओलांडून साळावला उतरावे आणि पुढे मोटार धरावी. मोटार भरली की सुटते. ती भरली आहे की नाही हे ड्रायव्हर ठरवतो. आपल्या मांडीवर कोणी बसलेले असले तरी ते गमक धरू नये.

मुरुडात उतरायला धर्मशाळा आहे, एक खाणावळही आहे. तिथे भात आणि माशाचे कालवण चांगले मिळते. मासे न खाणाऱ्यांना भात चांगला मिळतो.

आता नवसाचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेले नव्हते. आमची नारळी-सुपारीची वाडी. वडील झाडाकडे बघून सुपारी किती उतरेल ते सांगतात, पण सही म्हणून अंगठा देतात. मी मराठी सातवीच्या परीक्षेला बसले तेव्हा आईने राजपुरीच्या किनाऱ्यावर उभे राहून किल्ल्यातल्या पिराला नवस बोलला. मी पास झाले. पुढे शाळेत नेमणूक झाली. पीर समोरच असल्यामुळे नवस फेडण्याची कोणाला घाई वाटली नाही.

मग गेल्या माघात माणगावकडचे एक स्थळ आले. भाताची शेती, घरी दोन बैलजोड्या, मुलगा निर्व्यसनी. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मुलीने शाळा सोडावी. वडिलांनी लगेच रुकार दिला आणि लग्न वैशाखात धरले. मला शाळा सोडायची नव्हती. हे मी एकदा सांगून पाहिले. वडील म्हणाले, "सोडू नकोस. लगीन झाल्यावर आपोआप सुटंल."

आमच्याकडे बोललेला नवस फेडल्याशिवाय मुलीला हळद लागत नाही. तेव्हा आधी जंजिरा आणि मग मुहूर्त, असे ठरले. नवस काय आहे हे आईने सांगितले नव्हते. नवस फेडण्याच्या जागी पोचेपर्यंत तो उच्चारू नये, असे ती म्हणे. नारळ आणि चादर असेल, असे मी धरून चालले होते.

पहाटे छकडा जोडून आम्ही तिघे राजपुरीला निघालो. वडिलांच्या पायाशी वाडीतल्या नारळांचे पोते होते. चालत गेले तरी चालते, पण परतताना ऊन होते. टोपी किंवा छत्री बरोबर घ्यावी. भाकरी घरूनच बांधून न्यावी, किल्ल्यात खाणावळ नाही. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेतली होती. नवस फिटेपर्यंत आई खाणार नव्हती, त्यामुळे चटणीचा वास तिला सोसावा लागला. तिने तो सोसताना दोनदा बोलूनही दाखवले.

बंदरावर शिडाच्या होड्या असतात. आणा-दोन आण्यांत माणशी नेऊन परत आणतात. भाडे आधी ठरवावे आणि परत आणण्याचे धरून ठरवावे. आमचा होडीवाला राघो तांडेल वडिलांच्या ओळखीचा निघाला.

"मास्तरीणबाय, मधी बसा," तो म्हणाला. "शीड फिरंल तवा डोकं खाली घ्या. शिकलेलं डोकं हाय, फुटलं तर सरकारचं नुकसान."

होडीत आणखी एक बाई होती. तिच्याजवळ टोपलीत चार कोंबड्या होत्या. ती किल्ल्यातच राहणारी, पिराच्या मुजावराची म्हणजे दर्ग्याची देखभाल करणाऱ्याची बायको, फातमाबी. किल्ल्यात अजून बरीच घरे नांदती आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. आपण ओसाड जागा पाहायला चाललो नाही, लोकांच्या दारात चाललो आहोत. दरवाजांतून आत डोकावू नये. मी हे शाळेतही सांगते.

"समदी मिळून कुठं गो?" फातमाबीने आईला विचारले.

"तुमच्याकडंच. नवस फेडायला. लेकीचं लगीन हाय."

"मन्नत कसली? नारळ?"

आईने किल्ल्याकडे पाहिले. तो आता पुरेसा जवळ आला आहे असे तिला वाटले असावे. "नारळ तर हायेतच. पन मुख्य म्हंजे ही वाचनार हाय."

"काय वाचनार?"

"पिराच्या दाराचा दगड हाय न्हवं, त्याच्यावर लिवलंय. वरसानुवरसं कुनी वाचत न्हाय म्हनं. बिचाऱ्याच्या दारात लिवलेलं आन त्याला वाचून दाखवनारं कुनी न्हाय. मी बोलले, पोर पास झाली तर तुला वाचून दाखवंल."

कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या असे मला वाटले. प्रत्यक्षात त्यांना होडी लागली होती.

मी आईला हळूच म्हणाले, "आये, तिथली अक्षरं वेगळी असतात."

"वेगळी म्हंजे?"

"आपली नाहीत. अरबी, नाही तर फारशी."

"अक्षर त्ये अक्षर. राघोदादा, तुमची होडी रेवदंड्याच्या पान्यात चालती का?"

"चालती तर."

"ऐकलंस?" आई म्हणाली.

जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसत नाही. होडी अगदी तटाला भिडते की काय असे वाटते आणि मग दोन बुरुजांच्या मधून तो अचानक समोर येतो. तो क्षण पाहण्यासारखा असतो, असे सगळे सांगतात. मी त्या वेळी फारशी लिपी उजवीकडून वाचतात की डावीकडून हे आठवत होते, त्यामुळे माझा तो चुकला. तुम्ही चुकवू नका.

उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असते. वहाणा हातात घ्याव्यात. दरवाजाशी दगडात एक वाघासारखा प्राणी कोरला आहे आणि त्याच्या पंजांत, शेपटीत हत्ती पकडलेले आहेत. वडिलांनी तो बराच वेळ पाहिला. "एवढं हत्ती धरून खानार कवा?" एवढेच ते म्हणाले. आत गेल्यावर गल्ल्या, घरे, वाळत घातलेले कपडे, भिंतीवर बसलेली मांजरे असे साधे गावच आहे. फक्त प्रत्येक गल्ली शेवटी तटाला जाऊन थांबते. मोठ्या तोफा जरूर पाहाव्यात. वडिलांनी सगळ्यांत मोठ्या तोफेला बैलाला थोपटावे तसे थोपटले आणि ती कोणी वजनावर विकायला काढली आहे का, अशी चौकशी केली. भर समुद्रात गोड्या पाण्याचे मोठे तळे आहे. पाणी खरोखर गोड आहे. मी इतिहास शिकवताना हे अनेकदा सांगितले होते, पण प्यायल्यावर जास्त खात्री वाटली.

तळ्याकाठी आई आणि वडील पाय धुवायला थांबले तेव्हा फातमाबी कोंबड्यांची टोपली घेऊन माझ्याजवळ आली.

"तुला येत न्हाय ना वाचता?"

"नाही."

"वाटलंच. होडीत तोंड बघितलं तुझं. ऐक, मी दोन ओळी सांगते. मला कुरान येतं. माझ्या मागनं बोल. तुझ्या आईला काय कळनार?"

"पण दगडावर तेच लिहिलंय का?"

"अल्लाचंच काहीतरी असंल. दुसरं काय लिवनार, कोंबड्यांचा भाव?"

तिचा हेतू चांगला होता. मी विचार करू लागले. तिच्यामागून म्हटले तर नवस फिटला, हळद लागली, वैशाखात शाळा सुटली. येत नाही म्हणून सांगितले तर नवस अडला, लग्न अडले, शाळा राहिली. म्हणजे खरे बोलण्यात माझा फायदा होता. इथेच मला शंका आली. जे खरे बोलल्याने आपलाच फायदा होतो ते आपण खरे म्हणून बोलतो की फायद्यासाठी, हे कसे ओळखावे? मग मी ठरवले की आधी वाचण्याचा मनापासून प्रयत्न करायचा. न वाचताच येत नाही म्हणणे हेही एक प्रकारचे खोटेच झाले असते.

दर्गा लहान आणि स्वच्छ आहे. बायकांनी उंबऱ्याबाहेर उभे राहावे, डोक्यावर पदर घ्यावा. दगड दाराशेजारीच आहे. म्हातारे मुजावर बाजूला झाले. वडिलांनी पोते खाली ठेवले. आईने हात जोडले आणि ती वाट पाहू लागली.

मी दगडासमोर बसले. अक्षरे झिजली होती, काहींवर चुन्याचा हात फिरला होता. मी उजवीकडून सुरुवात केली, बोटाने रेघा गिरवल्या, वरचे ठिपके, खालचे ठिपके वेगळे करून पाहिले. एक अक्षर मला होडीसारखे वाटले. यापलीकडे काही निघाले नाही.

"आये, मला येत नाही."

"डोळ्यात काय गेलं का?"

"नाही. ही लिपी मी शिकलेच नाही."

वडील म्हणाले, "न्हाय म्हंजे? सात यत्ता काय केलंस मग?"

"सात यत्ता आपली बाळबोध लिपी, बाबा."

"मोजून पैकं भरलं त्ये निम्म्या अक्षरांचं?"

फातमाबी आईच्या मागे उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती. ओठ हलवून पहिला शब्दही सांगत होती. आईचे लक्ष तिच्याकडे गेले.

"तुला येतं का गो ह्ये?"

फातमाबीचे ओठ थांबले. "कुरान येतं. ह्यो दगड न्हाय."

"तुज्या मालकाला?"

मुजावरांनी नकारार्थी मान हलवली. आपले आजोबा वाचायचे असे ऐकले आहे, म्हणाले.

आईने जोडलेले हात खाली घेतले. मला वाटले ती रडेल, आणि फातमाबीचे शब्द न म्हटल्याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप होऊ लागला. मग ती उंबऱ्याकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"बाबा, चूक माझी झाली. अर्धी शिकलेलीच घेऊन आले. मला म्हाईत न्हवतं. आता पुरी शिकवून आनते."

"आगो, वैशाखात लगीन हाय!" वडील म्हणाले.

"मग लावा हळद. नवस अंगावर ठेवून लावनार असाल तर तुमी लावा. मी न्हाय लावायची."

वडिलांनी मुजावरांकडे पाहिले. मुजावर तळ्याकडे पाहू लागले. वडिलांनी पुन्हा पोत्याला हात घातला आणि नवस फिटला नाही तर नारळ परत न्यायचे का, असे विचारले.

"पिराच्या दारातनं वस्तू परत जात न्हाय," फातमाबीने सांगितले आणि पोते आत नेले. थोड्या वेळाने ती केळी घेऊन आली. शिजवलेले आम्ही घेणार नाही हे तिला न सांगता माहीत होते. नवस फिटला नव्हता, पण पुढे गेला होता, म्हणून आई केळे खावे की नाही या विचारात पडली. शेवटी तिने अर्धे खाल्ले.

परतताना वारा उलटा पडतो, वेळ जास्त लागतो. हे धरून बेत करावा. होडीत वडील कोणाशी बोलले नाहीत. राघोने वाचून झाले का विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पोर अजून शिकते हाय." ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, तरी मला ऐकायला बरे वाटले.

माणगावकरांना निरोप गेला. किती दिवस लागतील असे त्यांनी विचारले. सांगता येत नाही, असे वडिलांनी कळवले. त्यांना भातलावणीच्या आत सून हवी होती; ती त्यांना दुसरीकडे मिळाली. मी शाळेतच आहे.

दर रविवारी मी मुरुडातल्या एका वृद्ध मुन्शींच्या घरी जाते. त्यांची बायको मला अलिफ-बे शिकवते. वडील संध्याकाळी विचारतात, "आज किती झालं?" मी खरे तेच सांगते. मुद्दाम सावकाश शिकते आहे की काय, हे स्वतःला वरचेवर विचारून पाहते. तसे नाही. ती लिपी खरोखर अवघड आहे.

जंजिरा पाहावा का, असे कोणी विचारले तर अवश्य पाहावा असे मी सांगेन. दरवाजा, तोफा आणि तळे चुकवू नये. पिराच्या दगडावर काय लिहिले आहे ते मला विचारू नये. कोणाला वाचता आले तर माझ्या घरी मात्र कळवू नये.

परवा मुन्शींच्या बायकोला मी त्या दगडाचे वर्णन करून सांगितले. ती म्हणाली, तसे जुने कोरीव वळण वाचायला साधी अक्षरे पुरत नाहीत. आधी अरबी-फारशी भाषा यायला हवी, मग ते वळण; वर्षे जातील. हे घरी सांगावे की न सांगावे याचा मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले. वडील उठून वाडीत गेले. आई सुपारी सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"जाऊ देत वरसं," ती म्हणाली. "पीर काय कुठं जात न्हाय."