कंपनीचे वाटणारे दिवे

समस्त वाहनधारक, वधुपिते, वरपिते आणि इलेक्ट्रिशियन बंधूंना कळवण्यात येते की, पुढील निवेदन अत्यंत गंभीर स्वरूपाचे आहे. वाचताना कृपया कुणी हसू नये. मी मधूनमधून हसेन, पण तो माझा स्वभाव आहे.

आधी एक सांगतो. भूत, करणी, नजर लागणं यातल्या कशावरही माझा कधीच विश्वास नव्हता. लिंबू-मिरची तर मी स्वतः विकायचो... प्लास्टिकची, आरशाला लटकवायची. बीडला एसटी स्टँडजवळ माझं गाडी सजावटीचं दुकान होतं. सीट कव्हर, कॅरिअर, रिव्हर्स टाकला की रडणारे हॉर्न. मोबाईलवर रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही पैसे पडायचे, तेव्हाची ही गोष्ट.

माझे चुलते आप्पा सिरसाळ्यात सरकी-पेंडीचे व्यापारी. आवाज असा, की दुकानात बोलले तर बाहेर बांधलेले बैल मान वळवायचे. त्यांनी धाकट्या नंदाचं लग्न जमवलं. मुलगा बीडचा, सरकारी नोकरीत. व्याह्यांनी तोंडाने काहीही मागितलं नाही बरं का. फक्त बैठकीत चहा पिताना एका गाडीच्या वरच्या मॉडेलचं कौतुक केलं. ‘मागचे दिवे काय असतेत हो तिचे,’ म्हणाले, ‘डाळिंब फोडल्यावानी लाल दाणे दाणे.’

आप्पा समजले. गाडी तीच घेतली... पण खालचं मॉडेल. बाकी सगळं खपून गेलं असतं, मागचे दिवे तेवढे चुगली करत होते. म्हणून मला बोलावणं आलं.

‘एलईडी का काय म्हंतेत ते लाव. पर कंपनीचे वाटले पायजेत,’ आप्पा म्हणाले. ‘मागून लावल्यावानी दिसले तर लग्नात तुला जेवू घालणार न्हाई.’

आता नंदाचं. तिला हे स्थळ नको होतं. मुलगा पिऊन हात उचलतो, असं तिच्या कानावर आलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही. आप्पांनी एका वाक्यात विषय मिटवला, ‘न्हाई पटलं तर ये माघारी, दार उघडं हाय.’ या वाक्याच्या भरवशावर पोरीने होकार दिला. दुसरं तिच्यापाशी काही नव्हतं.

दिल्लीहून आलेले दिवे म्हणजे तमाशाचा स्टेज. चकचकीत पांढरी काच, आत क्रोमचा झगमगाट. मी वाफेवर काचा सोडवल्या, क्रोम काळं केलं, काचेवर पातळ लाल थर मारला, बारीक पॉलिश पेपरने घासून एकसारखा केला. रेझिस्टर टाकून उजेड कमी केला — कंपनी कधी गरजेपेक्षा जास्त उजेड देत नाही. मागचा परदेशी शिक्कासुद्धा खरवडला. बसवून दहा पावलं मागे गेलो आणि माझाच मला हेवा वाटला.

लग्नाच्या दिवशी सकाळी, मांडवाबाहेर गाडीची पूजा. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. व्याही पुढून आले, कौतुक करत करत थेट मागे गेले. वाकले. दिव्यावर नख मारून बघितलं.

‘कंपनीचेच का, आप्पा?’

‘वैजनाथाची आण. कंपनीचेच.’

दिवे लागले.

दोन्ही. लालभडक. गाडीला कुलूप, किल्ली आप्पांच्या खिशात. क्षणभर लागले आणि विझले. व्याही खूश झाले, म्हणाले, ‘लई भारी, हात लावला की पेटतेत.’ मी शॉर्ट सर्किट असेल म्हणून आप्पांकडून किल्ली घेतली आणि बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवली.

मग व्याही पाहुण्यांना मुलाची ओळख करून द्यायला लागले. ‘आमचा पोरगा सुपारीसुद्धा खात न्हाई.’

दिवे लागले. बॅटरीशिवाय.

बाकी सगळे नवरदेवाकडे बघत होते. मागे उभे होतो मी आणि नंदा... गाडीला कुंकवाचं बोट लावायला तिला आणलं होतं. तिने बघितलं, मी बघितलं. मला हसू आवरेना, खरं सांगतो. असली वस्तू आख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या दुकानात नव्हती. कोर्टासमोर उभी करावी अशी. मी मनात गिऱ्हाइकं मोजत होतो, तेवढ्यात नंदा दिव्यांकडे तोंड करून, हळूच, जणू मुलं खेळात म्हणतात तसं म्हणाली,

‘मी लई खूश हाय.’

दिवे लागले. आधीपेक्षा जास्त वेळ राहिले.

‘बास कर,’ मी म्हणालो. डिकी उघडली, कटर घेतला, आणि दोन्ही दिव्यांच्या वायरी सॉकेटसकट कापून तिच्यादेखत खिशात टाकल्या. ‘बघ. गेलं सगळं. आता अक्षता पडेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस.’ ती हसली. खिशावर बोट ठेवून म्हणाली, ‘नीट सांभाळा.’

शेवटचा प्रसंग सांगण्याआधी स्पष्टीकरणांचं उरकून घेतो, कारण त्यानंतर बोलायला माझ्याकडे काही उरत नाही. नंतर मी बऱ्याच इलेक्ट्रिशियनांना विचारलं. एक म्हणाला, ऊन काचेवर पडलं असेल... मांडवाच्या सावलीत. दुसऱ्याने मी त्या दिवशी काय प्यायलो होतो ते विचारलं. तिसऱ्याने तसले दिवे मागितले.  नंदा लग्नानंतर कधी माहेरी आली नाही, दिवाळीलासुद्धा नाही. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, लेक सासरी इतकी रमलीय की यायला सवड न्हाई. नशीब, ती गाडी तिच्या सासरी आहे, आप्पांच्या दारात नाही.

तर... पाठवणी. ऊन कलायला आलेलं. बॅटरी मी जोडून दिली होती. त्याशिवाय गाडी निघाली नसती. मागच्या दिव्यांच्या वायरी मात्र माझ्या खिशात होत्या, दिवसाउजेडी बीडपर्यंत कोण बघतंय म्हणून. नवरदेव पुढे बसला होता, इंजिन अजून बंद. डिकीत रुखवताचे डबे भरले जात होते आणि नंदा तिथेच, मागे, आप्पांच्या गळ्यात पडली. आप्पा रडत होते. बैलांनी मान वळवावी असं रडत होते. सगळा मांडव त्यांच्याबरोबर रडत होता, मीसुद्धा.

‘नंदे,’ आप्पा म्हणाले, ‘कायबी झालं तर ये माघारी. दार उघडं हाय.’

आप्पांचा पांढरा सदरा लाल झाला. नंदाचं तोंड लाल झालं. डिकीतली स्टीलची पातेलीसुद्धा. मी खिशात हात घातला. दोन्ही सॉकेट बोटांना लागली, वायरींसकट.

नंदाने रडणं थांबवलं. बापाच्या खांद्यावरून ती दिव्यांकडे बघत राहिली, विझेपर्यंत. ते लवकर विझले नाहीत. मग माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

‘दादा, वायरी तर तुमच्या खिशात हायत ना?’