बोडी आणि बॉडी

मायचे कान गेल्यापासून आमच्या घरात बोलायचं म्हणजे मोबाइलजवळ बोलायचं. त्यातलं अॅप आपलं बोलणं मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतं आणि माय ते वाचते. एकदा तिने विचारलं, बाबा कुठे? मी म्हटलं, "बाबा गेले बोडीवर." बोडी म्हणजे कोंढा गावाकडच्या आमच्या धानाच्या शेताजवळचं लहानसं तळं. मोबाइलने लिहिलं, "बाबा गेले. बॉडी वर." माय मटकन खाली बसली. बाबा चिखलाच्या पायांनी दारात उभे राहिले तरी तिचं रडणं थांबेना.

नागपूरला सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या माझ्या ताईने मग मायसाठी स्वतःच एक अॅप केलं. त्याला बोडी कळायची, 'का'ऐवजी आम्ही म्हणतो ते काहून कळायचं, आमची भांडणंसुद्धा कळायची. माय पुन्हा टोमणे मारायला लागली. मला फार बरं वाटलं.

मग एका सकाळी मोबाइल आपोआप अपडेट झाला आणि ताईचं अॅप बंद. स्क्रीनवर सूचना आली: अॅप बनवणाऱ्याची ओळख पटलेली नाही, धोका असू शकतो. ज्याने बाबांना जिवंतपणी मारलं ते अॅप ओळखीचं, आणि आमची ताई अनोळखी! माझं डोकंच फिरलं.

ताई माझ्या फोनवर म्हणाली, "मायच्या मोबाइलमधली सिस्टीमच पुसून टाक. दुसरी टाकू." दुसरी सिस्टीम म्हणजे नेमकं काय, हे मला आजही धड सांगता येत नाही. ती सांगेल ते दाबत गेलो. स्क्रीन काळी झाली तेव्हा ताईला दोनदा हाक मारली. शेवटी उजळली आणि ताईचं अॅप मुकाट्याने सुरू झालं. तेवढ्यात बँकेचं अॅप रुसलं. म्हणे, यातल्या सिस्टीमची ओळख पटत नाही, हा मोबाइल आता सुरक्षित नाही.

आता मोबाइल बिघडला, की सुधारला? मला काही कळेना.

मायने बँकेची सूचना सावकाश वाचली. "पोरगी आपली, मोबाइल आपला. मंग हे ओळख कोणाले पाह्यजे?"

"मले काहीच समजून नाही राहिलं, माय," मी म्हणालो. मोबाइलने ते जसंच्या तसं लिहिलं.

तिने वाचलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "इचार बरं याले, मी तरी याच्या ओळखीची आहो का?"