आतोबांनी मागे घेतलेली चाळणी

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की आजही मला चुन्याच्या रेघांनी आखलेले, गवताचे पातेही नसलेले ते मैदान दिसते, आणि मग गोलाच्या खांबांमागे उभे असलेले आमचे आतोबा. आत्याचे हे यजमान म्हणजे केवळ फुटबॉल पाहण्यासाठी जन्मलेले औरंगाबादेतले एकमेव गृहस्थ; नोकरी, संसार, जेवणखाण हे सारे ते दोन सामन्यांमधल्या रिकाम्या वेळात उरकत. निजामाचे राज्य गेले, कचेरीतल्या उर्दूची जागा मराठीने घेतली. पण आतोबांच्या लेखी त्या काळातली खरी उलथापालथ एकच. मोहल्ल्याच्या संघाने जुना गोलकीपर काढून मुनीर नावाचा नवा पोरगा उभा केला.

पहिल्याच सामन्यात मुनीरच्या हातांतून चेंडू निसटत राहिले, तेव्हा आतोबा गोलामागून कडाडले, "हा गोलकीपर नाय, चाळणी हाय." शब्द असा चिकटला की भाजीवालीसुद्धा मुनीरला चाळणी म्हणू लागली. आतोबांनी तो निष्ठेने पसरवला. न्हाव्याकडे, अर्ध्या गालाला फेस असताना. बिडकीन गावच्या एका लग्नात, जिलेबीचा पाक मनगटावरून ओघळत असताना.

पण हंगाम चढत गेला तसा मुनीरही चढत गेला. दमून परतलेले कबूतर छातीशी धरावे तसा तो चेंडू धरू लागला. संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि आतोबांची झोप उडाली, कारण त्यांचा एक विलक्षण नेम होता. शब्द जिथे आणि ज्या अवस्थेत बोलला, तिथे आणि त्याच अवस्थेत मागे घ्यायचा. एरवी तो मागे घेतला असे होत नाही. म्हणून दाढी केलेली असूनही ते न्हाव्यापुढे बसले, अर्ध्याच गालाला फेस लावून घेतला आणि आरशाला म्हणाले, "चाळणी वापस घेतली." बिडकीनला त्या लग्नघरी जाऊन त्यांनी जिलेबी मागितली. ती नव्हती, गुळाच्या पाकावर भागवावे लागले.

"अहो, त्या पोरालाच जाऊन सांगा की," आत्या म्हणाली. "लाज वाटती व्हय?"

"सांगणार. पण गोलामागून बोललो व्हतो, गोलामागूनच सांगावं लागंल."

त्यांनी भांडण काढू नये म्हणून आत्याने मला सोबत धाडले.

बरोबरीतला अंतिम सामना संपत आला होता. धुळीला घामाचा आणि भाजक्या शेंगांचा वास होता. शिट्टी झाली की मुनीर खांबांपासून दूर जाणार आणि आपला शब्द कायमचा त्याच्या अंगावर राहणार, या धास्तीने आतोबा घामाघूम झाले होते.

"आतोबा, थांबा. चेंडू इकडंच येतोय," मी म्हणाले.

"मुनीर, बेटा," ते ओरडले, "चाळणी म्हणलो ते मी वापस घेतलं."

मुनीर वळला. रापलेला तो चेहरा क्षणभर उजळला. "काय म्हणलात, चाचा?"

त्या गोलाला जाळी नव्हती. चेंडू त्याच्या खांद्यालगत आत शिरला आणि आतोबांच्या पायाशी येऊन निवांत झाला.

चषक गेला. मोहल्ल्याने आतोबांशी अबोला धरला. मुनीर मात्र त्याच संध्याकाळी, गुडघ्यांवरचा चुना न झटकता, त्यांच्याजवळ येऊन बसला. "चाचा, शिट्टी होईस्तोवर दम नाय निघाला?" तो हसत होता. "पण ऐकलं मी. बस झालं." आतोबांना मात्र हसता आले नाही. पुढे आयुष्यभर ते गोलामागे उभे राहिले ते तोंडात पानाचा तोबरा भरून, एकही शब्द बाहेर पडू नये म्हणून.

उतारवयात त्यांच्या आठवणी विरत गेल्या. एका दिवाळीआधी घराला चुना लावणे चालले होते, तेव्हा केस पिकलेला मुनीर भेटायला आला. आतोबांनी त्याला ओळखले नाही. पण त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन ते कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहत राहिले. खोलीभर ओला चुना दरवळत होता. मग ते माझ्याकडे वळले आणि गोलामागे उभे असल्यासारखे, पण दबल्या आवाजात त्यांनी विचारले, "अडवला?"