नळ चालू ठेवून पळालेली बाई

माझ्या गोष्टीवर बेतलेला भाग टीव्हीवर लागला, त्या संध्याकाळी लातूरच्या आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका, त्यांची लेकरं, सासूबाई आणि सगळ्यांच्या मधोमध रिमोट हातात घेऊन आमचे हे. चहा झाला होता, चिवडा फिरत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. उठून जावंसं वाटलंच तर सोय असावी म्हणून.

मी शाळेत भूगोल शिकवते. गोष्टी लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण मध्यंतरी मोबाइलवर भुताखेतांच्या गोष्टींच्या एका मराठी पानाचं मला वेडच लागलं होतं. तिथं कुणीही गोष्ट लिहावी आणि कुणीही वाचून घाबरावं. बहुतेक गोष्टी 'ही माझ्या सख्ख्या मित्रासोबत घडलेली सत्य घटना आहे' अशा सुरू होतात आणि लगेच त्या मित्राची गाडी घाटात बंद पडते. आमच्याकडं असला घाट आहे कुठं? म्हणजे लातूरच्या माणसानं घाबरायचंच नाही की काय? मला ते खटकलं आणि एका सुट्टीत बसून मी आमच्याकडची एक गोष्ट टोपणनावानं लिहून टाकली. ती फिरत फिरत मुंबईच्या मालिकावाल्यांकडं पोचली. इंटरनेटवरच्या गाजलेल्या भीतीच्या गोष्टी घेऊन ते मालिका काढत होते, एका भागाला एक गोष्ट. त्यांनी परवानगी मागितली. मी हरखून दिली.

तर तो भाग सुरू झाला. पडद्यावर 'लातूर' अशी अक्षरं आली आणि मागं माडाची झाडं हलायला लागली. भूगोलाच्या बाईनं हे कसं सोसावं? नंतर एक बंगला आला. त्याला न्हाणीघर एवढं मोठं, की आमची बैठक त्यात मावली असती. मध्यरात्र झाली, वीज चमकली आणि भिंतीवरचा नळ आपोआप सुरू झाला. पाणी आधी साधं, मग लाल. आरशात पांढऱ्या साडीतली बाई दिसली. नायिका किंचाळली आणि तशीच अनवाणी बाहेर पळत सुटली. वाद्यांचा असा काही कल्लोळ झाला की शेजारच्या बाळानं भोकाड पसरलं.

सासूबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "अगं बाई, नळ तर बंद कर म्हणावं हिला," त्या म्हणाल्या.

झालं. बैठकीतल्या सगळ्या बायका एका सुरात सुरू झाल्या. पाणी वाया चाललंय. बादली तर लाव. लाल का असंना, धुण्याला चाललं असतं. नायिका पडद्यावर जिवाच्या आकांतानं धावत होती आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचा जीव त्या नळात अडकला होता.

लातूरला नळ रोज येत नाही, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. आठ दिवसांनी येतो, कधी दहा दिवसांनी, आणि कुठल्या घटकेला येईल त्याचा नेम नसतो. म्हणून आमच्या गल्लीत एक रीत आहे. ज्या बाईला नळाचा पहिला आवाज ऐकू येतो, तिनं आपली घागर बाजूला ठेवून आधी दारोदार कड्या वाजवायच्या आणि 'नळ आला' म्हणून हाक द्यायची. भांडण असलं तरी द्यायची. जिच्याशी वर्षभर बोलणं नाही, तिच्याही दारात जाऊन द्यायची. माझी सगळी गोष्ट त्या हाकेवर उभी होती, आणि मालिकावाल्यांनी नेमकी हाकच काढून टाकली होती.

शेवटी माझं टोपणनाव बारीक अक्षरांत येऊन गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हे खूश होते.

"तुझी गोष्ट लई साधी व्हती," हे म्हणाले. "ह्या लोकांनी सुधारली बघ."

"तुम्ही माझी वाचली होती का?"

"वाचली की. त्यात काय व्हतं? नळ येतोय, बाई पाणी भरतीय. संपलं."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. मी वाट्या उचलून आत नेल्या आणि गरज नसताना दोनदा घासल्या. माझ्या गोष्टीत भीती होतीच की नाही, अशी शंका त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा आली, आणि ती मला सहन होईना.

पुढच्या आठवड्यात मी मालिकेचे सगळे भाग पाहिले, तेही एकटीनं, परीक्षेचे पेपर तपासावेत तसे. खोटं कशाला बोलू, पहिला भाग मला आवडला. त्यात एका कचेरीतला माणूस वारतो, आणि त्याच्या मित्रांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये त्याच्या नावाखाली 'टाइप करत आहे' एवढंच दिसत राहतं. मजकूर कधीच येत नाही. पांढरी साडी नाही, रक्त नाही. मला भाग संपल्यावर मोबाइल पालथा घालून ठेवावासा वाटला. पुढच्या भागांत मात्र ह्या मंडळींचा धीर सुटला होता. प्रत्येक गोष्टीला तोच बंगला, तेच करकरणारं दार, तीच बाहुली. गोष्ट सोलापूरची असो की नागपूरची, भूत एकाच शिंप्याकडं कपडे शिवत होतं.

मग मी त्याच पानावर परीक्षण लिहिलं. इंटरनेटवरची भीतीची गोष्ट मनाला का लागते, हे त्यात सांगितलं. ती सांगणारा आपल्यातलाच कुणी तरी असतो. त्याची उद्या शाळा असते, त्याला दळण आणायचं असतं, आणि ते सांगता सांगता तो काहीतरी विपरीत बोलून जातो. तुम्ही त्याचं दळण काढून घेतलंत आणि नुसतं विपरीत ठेवलंत, म्हणून कुणी घाबरत नाही. नळाच्या भागाबद्दल मी एकच लिहिलं, की लातूरची बाई नळ आला म्हणून घराबाहेर पळेल, पण घागर घेऊन पळेल, आणि चालू नळ सोडून ती यमाबरोबरसुद्धा जाणार नाही.

ते परीक्षण माझ्या गोष्टीपेक्षाही जास्त फिरलं. हे ते वाचून म्हणाले, "त्यांनी तुझं नाव पडद्यावर लावलं आणि तू त्यांनाच शिव्या द्यायलीस."

महिन्याभरानं नांदेडहून निरोप आला. तिथल्या काही वाचनवेड्या मंडळींनी विष्णुपुरीच्या वाटेवरच्या एका सभागृहात रविवारी दुपारी चर्चा ठेवली होती. मालिकेचा दिग्दर्शक येणार होता आणि समोर परीक्षण लिहिणारी बाई हवी होती. मी लगेच हो म्हणाले. थोरल्या नणंदेचं घर नांदेडलाच आहे, म्हणून हेही निघाले. अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा त्यांनी मला भजी आणून दिली आणि सांगितलं, "भांडू नकोस तिथं."

आमच्या ताईंनी जेवायला वाढता वाढता मला खरी धास्ती घातली. त्यांचं माहेर लातूरचंच, पण सगळा संसार नांदेडात झालेला.

"आमच्याकडं गोदावरी हाय गं," त्या म्हणाल्या. "इथं बायका नळ आला म्हणून कशाला पळतील? तू घागरीचं भेव कुणाला सांगून राहिलीस?"

"ताई, तुम्ही तर लातूरच्या."

"मला कळलं गं. ह्या लोकांना कळंल का, ते म्हणून राहिले मी."

नांदेडच्या लोकांना माझी गोष्ट लागली नाही, तर हे बरोबर आणि मी चूक. मग ती फक्त आमच्या गल्लीची तक्रार ठरणार होती.

सभागृह भरलं होतं. दिग्दर्शक तरुण होता, नम्र होता आणि बोलायला फार गोड होता. माझं परीक्षण वाचून खूप शिकायला मिळालं, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं, त्यामुळं मला भांडायचीही सोय राहिली नाही. मग त्यानं आपली बाजू मांडली.

"ताईंची मूळ गोष्ट सुंदरच आहे," तो म्हणाला, "पण ती फार लोकल आहे. नळाला पाणी आलं, यात मुंबईच्या माणसाला काय वाटणार? नांदेडच्या तरी वाटेल का? भीती सगळ्यांना कळायला हवी. म्हणून आम्ही तिला सगळ्यांच्या ओळखीचं रूप दिलं."

लोकांनी माना हलवल्या. शेवटच्या रांगेत ताईंच्या शेजारी बसलेल्या ह्यांनीही हलवली, ते मला स्टेजवरून स्वच्छ दिसलं. मी परीक्षणाचा कागद घेऊन आले होते. तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि माइक हातात घेतला.

"मी काही वाचून दाखवत नाही," मी म्हणाले. "गोष्टच सांगते."

खिडक्या उघड्या होत्या. उन्हं आत आली होती, डोक्यावर पंखे खडखडत होते. भीतीच्या गोष्टीला इतकी वाईट वेळ दुसरी नसेल. मी आमची गल्ली सांगितली, रीत सांगितली. मग सांगितलं, की गल्लीत एक काकू होत्या. कान इतका तिखट, की पाइपात पाणी यायच्या आधी नुसता वारा फुसफुसला तरी त्यांना कळायचं. हाक कायम त्यांचीच. 'उठा बायांनो, नळ आला.' त्या थकल्या, अंथरुणाला खिळल्या आणि एक दिवस गेल्या. त्यांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीत हाक आली. 'उठा बायांनो, नळ आला.' आवाज त्यांचाच. सगळ्या बायका दारात आल्या. एकमेकींकडं बघितलं. आणि नळाला खरंच पाणी आलेलं. सगळ्यांनी पाणी भरलं. न भरून सांगता कुणाला?

पंख्यांचा आवाज आता मोठा वाटायला लागला होता. मी घाई केली नाही.

पुढच्या वेळी तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. गल्लीला सवय झाली. काकू गेल्यावरसुद्धा आपली रीत पाळतात म्हणून बायका कौतुकानं बोलायला लागल्या. आणि मग एका दुपारी गोष्टीतल्या बाईच्या दाराची कडी वाजली. हाक आली, पण ह्या वेळी 'बायांनो' नाही. अगदी दाराला तोंड लावल्यासारखी हळू, एकेरीत, तिचं नाव घेऊन. 'ऊठ गं, नळ आला.' ती घागर घेऊन बाहेर आली. गल्ली रिकामी. समोरचं दार बंद, शेजारचं दार बंद. एकाही घरात भांडं वाजलेलं नाही. हाक दुसऱ्या कुणाला ऐकूच गेली नव्हती. आणि तिच्या एकटीच्या नळाला धो धो पाणी.

मी माइक खाली ठेवला आणि पाणी प्यायले.

सभागृहात कुणी हललं नाही. एका मुलीनं शेजारणीचा हात धरलेला मला दिसला. ताईंनी पदर तोंडाशी नेला होता. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, माइक तोंडाशी नाही हेही विसरून, दिग्दर्शकानं विचारलं, "मग? भरलं तिनं पाणी?"

"तुम्ही तर तिला पळवून लावलंत," मी म्हणाले.

हसू फुटलं. पण ते अर्ध्यात विरलं, कारण पुढच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. धर्माबादहून लेकीकडं आल्या होत्या, असं मागाहून कळलं. त्यांच्या गावाला नळ कधी येतो, मला ठाऊक नाही.

"भरलं असंल की," त्या शांतपणे म्हणाल्या. "येवढ्या लांबून बोलवाया आली, तर न्हाई कसं म्हणावं?"

माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला. हे वाक्य मलासुद्धा सुचलं नव्हतं. दिग्दर्शकानं दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, आम्ही तुमची गोष्ट घालवली." मी मोठ्या मनानं 'असू द्या, असू द्या' वगैरे म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "हो, घालवलीत." त्या दुपारी मी इतकी आनंदात होते, की नम्रपणा करायचं सुचलंच नाही. चहाच्या वेळी बायका हात धुवायला मागच्या नळावर निघाल्या, तर दोघी-दोघी, तिघी-तिघी मिळून गेल्या. मी कपबशी हातात घेऊन ते डोळे भरून बघत होते.

परतीच्या वाटेवर ह्यांनी अहमदपूरला भजी आणली, पण मालिकेचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. जिंकलेल्या माणसाला थोडं थांबता येतं.

चार-पाच दिवसांनी, दुपारची जेवणं आटोपून हे लवंडले होते, आणि बाहेर कडी वाजली. शेजारणीचा आवाज आला, "ऊठ गं, नळ आला." हाक आली की एरवी हेच आधी पळतात, टाकीत पाणी सोडायचं काम त्यांचं. पाइपाची गुंडाळी घेऊन ते दाराशी गेले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले. गल्लीत डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. समोरच्या वहिनी घागर घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी पाऊल बाहेर टाकलं नाही.

"काय झालं हो?" मी मागून विचारलं.

"काही न्हाई," हे म्हणाले. "पाइप कुठं ठेवलाय, ते बघायलो."

पाइप त्यांच्या हातातच होता.