आधी दुसऱ्याचं कापड

माझी शेवटची पोस्टिंग मला कोणी दिली नाही, मीच मागून घेतली. पॅरा बटालियनमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, देवासला घरी आलो आणि थोड्याच दिवसांत घरच्यांच्या डोक्यावर मिरे वाटायला लागलो. भाजीवाल्याला टाइमिंगवरून झापलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, कुठेतरी जा बाई एकदाचे." धारच्या बाहेरच्या हवाईपट्टीवर हिवाळ्यात एक कॅम्प लागतो. सिव्हिलियन लोकांना विमानातून उडी मारायला शिकवतात. तिथे ग्राउंड इनचार्ज पाहिजे होता. मी गेलो, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात जातो.

लोक नाक मुरडतात. "सुभेदारसाहेब, फौजेत उड्या मारल्या ते ठीक. हे तर रिकामटेकड्यांचे चोचले!" म्हणू देत. दहा हजार फुटांवर दार उघडलं की भल्याभल्यांचं तोंड कोरडं पडतं. ज्याला हे फालतू वाटतं त्याने एकदा त्या दारात पाय बाहेर सोडून बसावं आणि मग माझ्याशी बोलावं.

रूटीन साधं. सकाळी सहाला फॉल-इन, रांगेत हजेरी. सिव्हिलियन फॉल-इन म्हणजे एक जांभई देतोय, एक फोटो काढतोय, एकाच्या बुटाची लेस सुटलेली. मी लेसपासून सुरू करतो. खिशात किल्ल्या नकोत. पोट हलकं ठेवा, कचोरी खाऊन वर गेलात तर ती वरच राहणार नाही. उतरताना पाय जुळलेले, गुडघे सैल, नजर समोर. जमिनीकडे टक लावून बघाल तर ती लवकर येते असं वाटतं आणि माणूस पाय लांब करतो. तिथेच घोटा जातो. चण्याच्या शेतात उतरलात तर मालकाच्या शिव्या मान खाली घालून ऐकायच्या. उलट बोलायचं नाही, चणे त्याचे आहेत.

आणखी एक रिवाज. ज्याने कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पोहे-जलेबी खिलवायची. पहिली उडी, पहिली एकट्याची उडी, पहिल्यांदा झाडावर लटकला, सगळ्याला पोहे. मनीष नावाचा देवासच्या कारखान्यातला एक इंजिनिअर आहे, अंगाने काडी. त्याने एका सीझनला इतक्या वेळा पोहे खिलवले की गाडीवाला त्याला जावई म्हणायला लागला.

पण सगळ्यात शेवटी जो नियम सांगतो तो घोकून घेतो. जमिनीवर आलात, धड आहात, अंगावरच्या पट्ट्यांचा हार्नेस सुटला, की आपलं कापड गोळा करत बसायचं नाही. कापड म्हणजे पॅराशूटचं वरचं छत. वर बघायचं. पुढचा कोण येतोय? तो उतरला आणि वाऱ्याने त्याचं कापड पुन्हा फुगलं, तर ते माणसाला फरफटत नेतं. त्या कापडाकडे धावायचं. वळसा घालून पलीकडे जायचं, एका टोकाची कड धरायची आणि अंगाखाली दाबायची. दोरांना हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही. कापड पुन्हा फुगलं की दोर हाताला वेढा घालतात आणि मग दोघं जातात. आधी दुसऱ्याचं कापड, मग आपलं.

कोणी विचारलं की हा नियम कुठला, तर मी म्हणायचो, फौजेचा. पुढचं सांगायचो नाही.

नियम हवालदार अरुण भोईटेचा होता. धारचा माणूस. मी देवासचा, तो धारचा, त्यामुळे बटालियनमध्ये आम्ही दोघं एकमेकांशी घरचं मराठी बोलायचो आणि बाकीचे आमची टर उडवायचे, कारण आमच्या मराठीत निम्मी माळवी. तो आम्हाला ग्राउंड ट्रेनिंग द्यायचा. एका दुपारी ट्रेनिंग ड्रॉपला वारा अचानक वाढला. अरुण सुखरूप उतरला. हार्नेस काढला. त्याच्या मागून उतरलेला एक नवा जवान फरफटत दगडी बांधाकडे चालला होता. वळसा घालायला वेळ नव्हता. अरुणने सरळ दोर धरले. कापड बसलं, जवान थांबला, आणि पुढच्या झोतात कापड पुन्हा फुगलं. अरुणचा हात दोरात होता. त्याचं डोकं बांधावर आपटलं. एमआय रूमपर्यंत, म्हणजे फौजी दवाखान्यापर्यंत, पोचलो तेव्हा तो गेलेला होता. जवानाला खरचटलं होतं. तो आजही दिवाळीला फोन करतो.

मी अरुणच्या शवपेटीबरोबर धारला आलो होतो. त्याची बायको, सुधावहिनी, शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी कडेवर. त्या रडल्या नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं, "हे उतरले होते ना? मग का धावले?"

मी म्हणालो, "ड्यूटी होती, वहिनी."

त्यानंतर जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा तेव्हा त्यांनी हेच विचारलं, आणि मी हेच उत्तर दिलं. लग्नाकार्यात भेटलो तरी हेच. त्यांना ते उत्तर कधी पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं, पण दुसरं सुचत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हवाईपट्टीच्या फाटकाशी स्कूटी थांबली. सुधावहिनी. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, पायात नवे पांढरे बूट. हातात डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

"भाऊजी, मला उडी मारायची आहे."

"वहिनी, चहा घ्या."

"चहा घेऊन आलेय. नाव लिहा."

मी नाही म्हणालो. वय सांगितलं, गुडघे सांगितले, थंडी सांगितली. त्यांनी सर्टिफिकेट पुढे केलं. टॅन्डम उडीत इन्स्ट्रक्टर पाठीला बांधलेला असतो, सगळं तोच करतो, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांच्या शाळेतून शिकून गेलेली पोरं इथे येऊन उडी मारून गेली होती.

"तुम्ही घाबरता का भाऊजी?"

"हो, घाबरतो."

"मग ती तुमची भीती. माझ्या गळ्यात कशाला बांधता? मला एकदा जिथे हे उभे होते तिथे उभं राहायचंय. वरून उतरून, पाय जमिनीला लागल्यावर. तेव्हा माणसाला काय वाटतं ते बघायचंय. तुमची ती ड्यूटी मला आजवर समजलेली नाही."

तेवढ्यात त्यांचे धाकटे दीर, नाना, मोटरसायकलवरून धापा टाकत आले. त्यांचं धारला कापडाचं दुकान आहे. "वहिनी, घरी चला! ह्याच खेळात दादा गेला. लोक काय म्हणतील?"

वहिनी शांतपणे बूट घट्ट करत होत्या. "नाना, लोक इतकी वर्षं 'बिचारी' म्हणताहेत. आता 'बेफाम' म्हणू दे. बदल होईल जरा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. नाव लिहिलं.

मग मी त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त रगडलं. इतर टॅन्डमवाल्यांना कापड धरायला शिकवत नाही, गरजच नसते. वहिनींना शिकवलं, कारण त्या हटून बसल्या. जुनं कापड वाऱ्यावर फुगवून ठेवलं आणि त्यांना पळवलं. पहिल्यांदा त्या थेट दोरांकडे गेल्या. मी ओरडलो, अगदी परेड ग्राउंडवर ओरडावं तसा. "दोर नाही! कड! वळसा घाला!" नाना फाटकाशी उभे राहून कपाळाला हात लावत होते. तिसऱ्या वेळी वहिनींनी वळसा घातला, कड पकडली आणि कापडावर अक्षरशः बसकण मारली.

"असं?"

"असं. पण तुम्हाला हे करायचं नाहीये. उतरलात की जागेवर उभं राहायचं. समजलं?"

"यस सर," म्हणाल्या. गणिताच्या बाईंच्या तोंडून यस सर ऐकताना फार बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान वर गेलं. नाना पुन्हा फाटकाशी येऊन उभे होते. आत वहिनी आणि त्यांचा इन्स्ट्रक्टर राणा, आणि मनीष. राणा हवाई दलातून बाहेर पडलेला, हाताचा पक्का. मनीषला एकट्याने उडी मारायला लागून फार दिवस झाले नव्हते. जाताना मला म्हणाला, "काका, मौसम एकदम मस्त है भिया!" मी म्हणालो, "कम बोल, खिसे तपास." त्याच्या खिशात स्कूटरची किल्ली निघाली. ह्या पोराला आता काय म्हणावं!

मी रेडिओवर होतो. "एअर, ग्राउंड. विंड आठ नॉट. ड्रॉपला क्लिअर. ओव्हर."

"रॉजर, ग्राउंड. दोन मिनिटं."

मग नालछ्याकडच्या टेकड्यांवरून वारा सुटला. पट्टीच्या टोकाला वारा दाखवणारा नारिंगी कापडी सॉक लोंबत होता, तो आडवा झाला. मी बटण दाबलं. "एअर, ग्राउंड. होल्ड. ड्रॉप होल्ड. ओव्हर."

"ग्राउंड, जंपर्स अवे."

झालं. वरून कोणाला परत बोलावता येत नाही. मान वर करून मी दोन ठिपके शोधले. आधी मोठं लाल कापड उघडलं, राणा आणि वहिनी. मग निळं, मनीषचं. शिकाऊ माणसाला मोठं कापड देतात, त्यात तो हलका. तो हवेत तरंगत राहणार आणि सगळ्यांच्या शेवटी उतरणार, हे मला दिसत होतं. मी ग्राउंडवर मदतीला असलेल्या दोन पोरांना ओरडून सांगितलं, "लाल कापड! दोघं माझ्याबरोबर!"

राणाने छान उतरवलं. दोघं बसूनच टेकले आणि कापड लगेच फुगलं. आम्ही तिघं त्यावर पडलो. राणाने वहिनींचे हुक सोडले, त्यांना बाजूला ढकललं आणि स्वतःच्या हार्नेसशी झटू लागला. तो सुटेपर्यंत आम्हाला कापड सोडता येत नव्हतं. वहिनी उभ्या राहिल्या. सुखरूप. दोन्ही पाय जमिनीवर. मला एक क्षण बरं वाटलं.

तेव्हा पट्टीच्या पलीकडे मनीष उतरला आणि पडला. निळं कापड फुगलं. तो पाठीवर घसरत निघाला. कापड सोडायची मूठ छातीवर असते, तो ती चाचपत होता, पण हातमोजे घसरत होते. त्याच्या रस्त्यात हवाईपट्टीचं काटेरी तारेचं कुंपण होतं, लोखंडी खांबांचं.

आमच्यात त्याला सगळ्यात जवळ वहिनी होत्या.

मी म्हणणार होतो, थांबा. शपथेवर सांगतो, तेच म्हणणार होतो. पण त्या निघाल्यासुद्धा होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, डोक्यावरचं हेल्मेट तिरकं झालेलं, नव्या पांढऱ्या बुटांनी ढेकळं तुडवत सरळ धावत सुटली. सरळ. दोरांकडे.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "वहिनी! दोर नाही! कड! वळसा घाला, कड!"

त्यांनी ऐकलं का, मला माहीत नाही. त्यांचा हात दोरांपर्यंत गेला होता. तो मागे आला. त्या वळल्या, कापडाच्या पलीकडे गेल्या, टोकाची कड दोन्ही हातांनी पकडली आणि त्यावर आडव्या पडल्या. कापड फडफडलं, अर्धं उठलं, त्यांनाही थोडं ओढलं. त्यांनी सोडलं नाही. मग ते बसलं. मनीष कुंपणाच्या अलीकडे थांबला. मधे माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती.

राणा सुटला आणि आम्ही धावलो. माझा गुडघा कामातून गेलेला आहे, मी सगळ्यात शेवटी पोचलो. माझ्या आधी नाना पोचले होते, फाटकापासून पळत. ते वहिनींच्या शेजारी त्याच कापडावर पालथे पडून होते, दोन्ही मुठींत निळं कापड. दुकानात कापड मोजणारा माणूस. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लांबून बघूनच शिकले होते.

मनीषची पाठ सोलली होती, बाकी धड. "मॅडम," तो म्हणाला, "पोहे मी खिलवतो."

"गप रे," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदा मी केलंय. पोहे माझे."

मग त्या उठून बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, मला आत्ता विचारा, का धावले."

"का धावलात?"

"काही नाही हो. काहीच नाही. पोरगा चालला होता." आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. हेल्मेट काढलं नाही, तसंच. नाना त्यांच्या पाठीवर हात ठेवून होते आणि तेही रडत होते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "राग गेला असं समजू नका. मला आणि कडेवरच्या पोरीला सोडून गेले. राग आहेच, आणि राहणार. पण तुमची ती ड्यूटी वगैरे आता बंद. यापुढे कोणी विचारलं तर खरं सांगायचं."

मी "यस मॅडम" म्हणालो.

ह्या हिवाळ्यात सुधावहिनी रोज शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळपासून पट्टीवर असतात. पुन्हा उडी मारली नाही. म्हणतात, एकदा बघून घेतलं, पुरे. पण कापड धरायला त्याच शिकवतात, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. नियम सांगताना मी आता "फौजेचा" म्हणत नाही. हवालदार अरुण भोईटे, धार, असं पूर्ण नाव घेतो. त्याने शिकवलं की दोर धरायचा नाही, आणि वेळ नव्हता म्हणून त्याने दोर धरला, आणि पोरगा वाचला. एवढं सांगतो आणि पुढे जातो.

परवा देवासची एक नवी मुलगी आली होती. मराठी तिला अडखळतच येते. सगळं ऐकून तिने हात वर केला.

"मॅडम, पण पकडता-पकडता आपल्यालाच लागलं तर?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या जुनं कापड वाऱ्यावर फुगवत होत्या. कड हातातून सोडत म्हणाल्या, "लागू शकतं. अरुण भोईट्यांना लागलं. माझे मिस्टर होते ते. म्हणून दोर नाही, कड धरायची. चल ऊठ, धावून दाखव."